परत नेलेला भात

पातेलं गरम होतं. माच्या जुन्या लुगड्याची चिंधी भोवती गुंडाळूनही बोटांना चटके बसत होते. झाकणाच्या फटीतून वाफ निघून माझ्या हनुवटीला लागत होती, आणि त्या वाफेत आंबेमोहोराचा वास होता. नव्या तांदळाचा, थोडा गोडसर, थोडा मोहरासारखा. तो वास नाकातून थेट पोटात उतरतो आणि तिथं जाऊन बसतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना कापून झालेली भातखाचरं होती, त्यांच्या बुडख्यांत कुठं कुठं पाणी साचलेलं होतं आणि राजगडाच्या माथ्यावर उन्हाचा शेवटचा तुकडा रेंगाळत होता. माझ्यापुढं बांधावरून बाबा चालले होते, खांद्यावर भाताची पाटी घेऊन. मागून मा येत होती, कडेवर धाकटा भाऊ आणि हातात कोंड्याचं गाठोडं. सकाळपासून माझ्या पोटात फक्त एक वाटी आंबील गेली होती... आणि आम्ही तो भात परत द्यायला निघालो होतो.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला एक कारण झालं. मी पुण्याला कॉलेजात शिकते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळं बोलताना अजून अडखळते, आणि लिहितानाही एक वाक्य दोनदा खोडते. परवा वसतिगृहातली एक मैत्रीण केस विंचरता विंचरता सहज म्हणाली, "तुमच्यात बरं असतं गं, सगळं अल्लावर सोपवायचं आणि स्वस्थ बसायचं." ती वाईट मुलगी नाही. परीक्षेच्या दिवसांत तिनं मला स्वतःच्या कंदिलाजवळ बसवून घेतलं आहे. पण ते ऐकलं आणि माझ्या कानशिलांत रक्त चढलं. उत्तर मात्र सुचलं नाही. मला वेळेवर उत्तर सहसा सुचत नाही. ते चार दिवसांनी असं कागदावर येतं.

आमचं गाव वेल्ह्याकडच्या डोंगरांत. विंझरचा रस्ता सोडून आत चालत गेलं की ओढ्यापलीकडं वीस-पंचवीस घरं, आणि त्यांत मुसलमानाचं एकच, आमचं. बाबा गावचे मुलाणी. गावात कुणाकडंही बकरं कापायचं झालं, नवसाचं असो, जत्रेचं असो की पाहुण्यांसाठी असो, सुरी बाबांनीच लावायची. त्यांनी अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवल्याशिवाय गावातलं कुणी मटण खात नसे. मराठ्यांच्या घरातही नाही, धनगरवाड्यावरही नाही. देव त्यांचा, बकरं त्यांचं आणि बिस्मिल्ला आमची! लहानपणी मला यात काहीच नवल वाटलं नाही. या कामाबद्दल मटणाचा वाटा मिळायचा आणि सुगी झाली की प्रत्येकाच्या खळ्यावरून आमचं बलुतं, म्हणजे वर्षाच्या भाताचा हक्काचा हिस्सा. आम्हांला जमीन नव्हती. शेणानं सारवलेलं दोन खणांचं घर, दारात दोन काळ्या शेळ्या आणि भिंतीतल्या कोनाड्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेली सुरी. त्या फडक्याला करडीच्या तेलाचा आणि लोखंडाचा मिळून एक वास यायचा... आमच्या घराचा वास तोच, असं मला अजून वाटतं.

बाबांना अरबी येत नव्हती. कुराणातल्या चार सूरा पाठ होत्या, त्याही आजोबांकडून ऐकून. पण दोन शब्द त्यांच्या बोलण्यात सारखे यायचे, रिजक आणि तवक्कल. रिजक म्हणजे अल्लानं ज्याच्या त्याच्या नावानं ठेवलेलं अन्न, आणि तवक्कल म्हणजे ते देणाऱ्यावरचा भरवसा. पैगंबरसाहेबांना कुणीतरी विचारलं होतं म्हणे, की मी उंट मोकळा सोडून अल्लावर भरवसा ठेवू का? तर आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असं उत्तर मिळालं. बाबांनी उंट कधी पाहिला नव्हता, म्हणून ते ही गोष्ट शेळीवर सांगत. पुष्कळ वर्षं माझी समजूत होती, की अरबस्तानात घरोघरी आमच्यासारख्या काळ्या शेळ्याच बांधलेल्या असतात.

भोरचं संस्थान जाऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. मी दहा वर्षांची होते. त्या साली गावच्या पाटलांच्या मुलाला मुदतीचा ताप आला होता, आणि पाटलांनी देवीला बकऱ्याचा नवस बोलला होता. मुलगा उठला. नवसाचं बकरं, काळंभोर आणि एकच कान पांढरा, पाटलांच्या दारात झाडपाला खाऊन वाढत होतं. सगळ्या गावानं त्याला भंडारा लावलेला पाहिला होता. दसरा होऊन गेल्यावरच्या मंगळवारी ते द्यायचं ठरलं. विंझरहून, भोरहून पाहुणे आले.

सकाळी डोंगरउतारावरच्या देवळापाशी दाट धुकं होतं. खालच्या बाजूला तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या, बायका पाट्यावर भाजलेलं खोबरं आणि कांदा वाटत होत्या, आणि तो वास धुक्यात अडकून राहिला होता. मी बाबांसोबत पाण्याचा लोटा आणि एक वाडगा घेऊन उभी होते. ते माझं नेहमीचं काम. सुरी लावण्याआधी जनावराला पाणी दाखवायचं, ते प्यायलं की मगच आडवं करायचं, हा बाबांचा शिरस्ता कधी चुकला नव्हता. दोन गडी धुक्यातून बकरं घेऊन आले. घोंगडीत गुंडाळलेलं, मुंडी एकानं धरलेली.

"थंडीनं काकडलंय," एक गडी म्हणाला.

मी वाडगा पुढं केला. पाटील घाईनं म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं पानीबिनी. मुलानी, उरका. देवीची येळ टळंल."

आणि बाबांनी उरकलं. पाणी दाखवलं नाही. साऱ्या आयुष्यात त्यांच्या हातून झालेली, मला ठाऊक असलेली ही एकच चूक. त्यांनी नाव घेतलं, सुरी फिरवली. रक्त उसळलं नाही. काळसर, दाट, सुस्त असं काहीतरी ओघळलं. पायांनी एक झटका दिला नाही. बाबा तसेच उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी बकऱ्याच्या मानेखाली हात घातला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "गार हाय."

बकरं पहाटेच मेलं होतं. कण्हेर खाल्ली असेल, काय असेल. नवसाचं जनावर देवीला पोचण्याआधी मेलं म्हणजे केवढा अपशकुन, आणि तोही तापातून उठलेल्या एकुलत्या मुलाच्या नावावर! त्या पांढऱ्या कानामुळं दुसरं बकरं पुढं करायचीही सोय नव्हती. आज मला पाटलांची भीती समजते. तेव्हा मला फक्त त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी खालच्या पट्टीतला.

"हळू बोल, मुलानी. तू गप ऱ्हायलास तर हितं कुनाला काय कळतंय? तुला खा म्हनत न्हाई. तुजा वाटा उद्या जित्या बकऱ्याचा देतो."

"ह्याच्यावर अल्लाचं नाव घेतलंय म्या," बाबा म्हणाले.

"मग?"

बाबा उठले. खाली चुलींपाशी गेले. पाटे थांबले. "मंडळी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला, कारण त्यांना मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, "हे मटान खाऊ नका. बकरं आधीच मेलेलं हुतं."

मग मागून पाटील गरजले, "मेलेलं न्हवतं! ह्याची सुरी बोथट. हात चुकला, आन् आता देवीच्या बकऱ्याला नावं ठिवतोय!"

बकरं पुरलं. पाहुण्यांनी आमटी-भात खाल्ला. बकरं घेऊन आलेले दोघे गडी तोंडातून शब्द काढीनात. त्यांची पोटं पाटलांच्या वाड्यावर होती. गावानं विश्वास कुणावर ठेवला, ते मला आजही सांगता येणार नाही. पण गाव बोललं पाटलांच्या बाजूनं. दोन दिवसांनी निरोप आला: मुलाण्यानं सुगीला खळ्यावर यावं, चार माणसांत 'माझा हात चुकला' एवढं म्हणावं आणि बलुतं घेऊन जावं. नाहीतर पाटलांच्याच नव्हे, गावातल्या कुठल्याच खळ्यावर त्याची पाटी भरायची नाही.

मा त्या दिवशी बाबांशी खूप भांडली. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण चिडली की मा गावच्या मराठीत शिरायची. "चार शबुद! चार शबुद बोलायला तुमची जीभ झडती का? अल्ला काय घरात पोती आनून टाकनार हाय?"

"सुरीवर नाव त्याचं हुतं," बाबा म्हणाले. "चुकली म्हनलं, तर त्याच्या नावावर लबाडी हुती."

"आन् पोरं?"

दुसऱ्या दिवशी फटफटताच बाबा विंझरच्या रस्त्याच्या कामावर गेले, खडी फोडायला. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तळव्यांना फोड आले, फुटले, त्यांवर दुसरे आले. कामावर मजुरी यायची तेव्हा यायची, बाकी दिवस नाचणीचं पीठ पाण्यात कालवून आंबील. तीही पातळ होत गेली, आणि मग वाटीतून वाटीचा तळ दिसू लागला. माझा भाऊ तीन वर्षांचा होता. त्याला रिजकही कळत नव्हतं आणि पाटीलही. तो फक्त म्हणायचा, "भात."

कार्तिकात खळी लागली. गावभर भात झोडपल्याचे धपधप आवाज, हवेत सोनेरी तूस, आणि जिकडं तिकडं तो वास. एका दुपारी बाबा कामावर होते, मा शेण गोळा करायला गेली होती. मी कोपऱ्यातली पाटी उचलली आणि पाटलांच्या खळ्यावर गेले. सुतार होता, चांभार होता, न्हावी होता. ज्याच्या त्याच्या पाटीत भात पडत होतं. पाटील पेंढ्यांच्या गादीवर बसले होते.

"काय गं जैतू? बा न्हाई आला?"

मी वाटेत शंभर वेळा घोकलं होतं. "बाबांनी सांगितलंय... हात चुकला म्हनून."

झोडपणारे हात थांबले. पाटील एकदम हसले नाहीत. आधी त्यांनी नुसता श्वास सोडला, खोल, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा. मग ते हसले. "ऐकलं का रं समद्यांनी? चुकला म्हनतोय हात!" आणि स्वतः उठून त्यांनी माझी पाटी भरली, वर आणखी एक माप ओतलं. "घे. पाटलाच्या खळ्यावरनं कुनी उपाशी जात न्हाई."

घरी आले तेव्हा मा दारात होती. "कुणी दिलं?" तिनं विचारलं. "पाटलांनी," मी म्हणाले. तिनं पुढं विचारलं नाही. तिला विचारायचंच नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं. तिनं उखळात भात घातलं, मुसळ घेतलं आणि कांडायला लागली. इतक्या जोरात, की आमच्या शेळ्या बिचकल्या. दिवस कलला तेव्हा चुलीवर भात रटरटत होता.

बाबा आले ते दारातच थांबले. वाटेत त्यांना न्हाव्यानं गाठलं होतं. "काय मुलानी, चुकला न्हवं शेवटी हात?" एवढंच तो म्हणाला होता, हसत. बाबांनी घरात पसरलेला वास घेतला. त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"जैतू, खळ्यावर काय बोललीस?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द.

ते खाली बसले. फोडांनी भरलेले हात गुडघ्यांवर उताणे ठेवले. भाऊ चुलीपाशी तोंडात बोट घालून उभा होता. मग ते उठले, उरलेल्या भाताची पाटी खांद्यावर घेतली, आणि मला म्हणाले, "पातेलं उचल."

मला वाटलं, आता मा पुन्हा भांडेल. ती चुलीपुढून उठली. एक हात कमरेवर, केसांत तूस अडकलेलं. तिनं बाबांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कोपऱ्यातला केरसुणीनं गोळा केलेला कोंडा फडक्यात भरायला लागली.

"ते कशाला?" बाबा म्हणाले.

"त्यो बी त्यांचाच हाय की! कशाला ठिवायचा?" मा फणकाऱ्यानं म्हणाली, आणि गाठ अशी आवळली की फडकं टरकलं.

भावाच्या तोंडात एक घास केव्हाच गेला होता. तेवढा राहिला आमच्याकडं.

खळ्यावर अजून माणसं होती. बाबांनी पाटी ठेवली. माझ्या हातातलं पातेलं घेतलं, पळसाची चार पानं पसरून त्यांवर सगळा भात उपडा केला. वाफ उठली. मानं कोंडा शेजारी ठेवला.

"पाटील, पोरगी खोटं बोलली. भुकंनं बोलली. पानी दाखवायचं ऱ्हायलं, ही माजी चूक, ती म्या चार मान्सांत कबूल करतो. हात चुकला न्हवता. बकरं मेलेलं हुतं."

पाटलांचा चेहरा आधी उतरला आणि मग लाल झाला. "शिजल्याला भात परत आनतोस? एवढा माज? उद्या खानार काय? तुजा अल्ला वरनं टाकनार हाय का?"

"टाकत न्हाई," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज या वेळी चिरकला नाही. "सकाळी उठवतो. हातात हातोडा देतो. तुमालाबी त्योच देतो, पाटील. तुमी निस्तं मापून देता."

कुणीतरी खोकलं. कुणीतरी झोडपायची पेंढी पुन्हा हातात घेतली. आम्ही रिकामं पातेलं घेऊन परत फिरलो. त्या संध्याकाळी आंबील होती, आणि ती पिताना मा एकदम हसायला लागली, "कोंडा नेला म्या... कोंडा!" आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला.

आता मैत्रिणीला मला सांगायचं आहे, की आमचा भरवसा हा असा असतो. तो माणसाला बसवत नाही. तो माणसाची मान ताठ ठेवतो. ज्याला ठाऊक आहे की आपला घास कुणा पाटलाच्या मुठीत नाही, त्याच्याकडून खोटं वदवून घेणं अवघड जातं. बाबांनी पुढची सहा-सात वर्षं खडी फोडली, डोंगरात गवत कापलं, भोरच्या बाजारात मोळ्या नेल्या, आणि रोज दाराबाहेर पाऊल टाकताना बिस्मिल्ला म्हटली. तरी मी हे गोड करून सांगणार नाही. आकाशातून काही आलं नाही. बलुतं पुन्हा सुरू झालं नाही. जत्रेला पलीकडच्या गावचा मुलाणी यायला लागला आणि गाव त्याच्या हातचं खाऊ लागलं. खडीची धूळ बाबांच्या छातीत बसली. मी भोरला मामूंकडं राहून शाळा शिकत होते, मॅट्रिकच्या वर्षाला होते, तेव्हा ते गेले.

तिसऱ्या दिवशी पाटील आमच्या दारात आले. मागं गड्याच्या पाठीवर तांदळाचं पोतं. मी आत होते, दाराच्या फटीतून दिसत होतं. ते पागोटं हातात घेऊन उभे राहिले. मग म्हणाले, "भाबी, ते बकरं मेलेलं हुतं."

"मला ठावं हाय," मा म्हणाली. "गावाला सांगा."

पाटील पोतं ओट्यावर उतरवून गेले. मानं त्याला हात लावला नाही. शेळ्या त्याच्या कोपऱ्याला तोंड लावायला गेल्या, तर तिनं त्यांना आखूड दाव्यानं बांधलं. दोन दिवसांनी गडी येऊन पोतं घेऊन गेला. गावाला कुणी काही सांगितलं नाही.

मॅट्रिक झाल्यावर शाळेतल्या गुरुजींनी अर्ज लिहून दिला, कॉलेजात नादारी मिळाली, फी माफ झाली. पण मी अजून बाबांइतकी निर्धास्त नाही, हेही कबूल केलं पाहिजे. महिनाअखेर आली की कमी खाते, रात्री उगीच हिशेब घोकत पडते. त्यांचा भरवसा मला वारशात मिळाला नाही. तो रोज नव्यानं धरावा लागतो, आणि कधी कधी हातातून सुटतो.

गेल्या सुट्टीनंतर पुण्याला परत यायला निघाले, तेव्हा भोरच्या एस.टी. स्टँडवर पाटील दिसले. कचेरीत काही काम असावं. खूप थकले होते, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून बाकावर बसलेले. बाजूला त्यांचा मुलगा तिकिटाच्या रांगेत उभा होता, चांगला उंचापुरा, धडधाकट. मला तोंड फिरवून जायचं होतं. पण त्यांनी ओळखलं.

"मुलान्याची जैतू न्हवं तू? कालिजात जातीस म्हनं. काय करत्यात तितं?"

"वाचतो. लिहितो." मग माझ्या तोंडून निघून गेलं, आयुष्यात प्रथमच वेळेवर. "बाबांचं लिहिणार आहे मी."

पाटलांनी माझ्याकडं पाहिलं नाही. रांगेतल्या मुलाकडं पाहत राहिले. एक गाडी आली, भरली, गेली. धूळ खाली बसली.

"लिव," ते म्हणाले. मग काठीवरची पकड सैल करत, आणखी हळू आवाजात म्हणाले, "बकऱ्याचंबी लिव."

मी हो म्हणाले. त्यांच्या शेजारी बाकावर जागा होती, तिथं बसले. माझी गाडी यायला अवकाश होता. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.